अवर्षणाच्या वर्षीं परसबाग कशी राखावी

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत धान्य, वैरण, पाण्याच्या खेपा व कामावरील मजूर यांचे हिशेब असतात, आणि ते असणें योग्यच आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या, त्यांनीं काम, मजुरी व शिधा यांच्या मापांस नियम घालून दिले. तेव्हांपासून मदतीचा हिशेब मांडण्याची ही रीत आपल्याकडे रूढ झाली. परंतु घरामागील दोन वाफे, न्हाणीपाशीं लावलेलें अळूं, कुंपणाकडेचा शेवगा व दारापुढील लिंबोणी यांचा उल्लेख या हिशेबांत सहसा सांपडत नाहीं. हीं झाडें वाळलीं तर त्यांची नोंद कोणी करीत नाहीं, व तीं जगलीं तर त्यांचें श्रेयहि कोणी मागत नाहीं. तथापि ज्या घरांत तीं जगलीं त्या घरच्या मुलांच्या प्रकृतींत व पुढील वर्षाच्या उभारींत फरक पडतो. म्हणून यंदाच्या विनंतीपत्रकासोबत हा पाठ जोडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो वाचून दाखवावा, वाड्यावस्त्यांवर समजावून सांगावा, व जेथें परस आहे तेथें त्याप्रमाणें करून पाहावें, अशी इच्छा आहे.

शिध्यांत जें येत नाहीं तें

मदतीचें धान्य पोट भरतें. तें नसतें तर पुढचें सर्व बोलणें व्यर्थ होतें. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील मदतीच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लाखांपर्यंत माणसें होतीं, व त्या काळीं वांटलेली सुकडी आजहि वृद्ध माणसांच्या आठवणींत आहे. परंतु ज्वारी, गहूं किंवा तांदूळ यांच्या पोत्यांत हिरवें पान नसतें. हिरवी भाजी बरेच महिने पोटांत गेली नाहीं म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा तुटवडा पडतो, लहान मुलांस संध्याकाळीं दिसेनासें होतें, व ज्यास आपण रातांधळेपणा म्हणतों त्याचा आरंभ होतो. ‘क’ जीवनसत्त्व न मिळाल्यास हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतें व जखमा लवकर भरत नाहींत. शेवग्याचा पाला, माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी व घोळ या साध्या भाज्यांत, आणि लिंबू व पेरू या फळांत, या उणिवांवरील उपाय आहे. बाजारांतील भाजी दुष्काळांत महाग होते. ती मजुरीच्या पैशांतून घेणें गरिबास परवडत नाहीं. तेव्हां परसांतील मूठभर पाला ही चैन नसून शिध्याचा राहून गेलेला भाग होय, असें आम्ही समजतों.

दुसरी गोष्ट वेळेची. मेथीचा वाफा गेला तर पाऊस पडल्यावर महिनाभरांत दुसरा उभा राहतो. परंतु पांच वर्षांची लिंबोणी वाळली तर पुन्हा पांच वर्षें वाट पाहावी लागते. दुष्काळ एक वर्षाचा असला तरी झाडाचें नुकसान पुढील कित्येक वर्षें सोसावें लागतें.

प्रदेश व पाऊस

हा पाठ मुख्यतः माणदेश डोळ्यांपुढें ठेवून लिहिला आहे. म्हणजे सातारा जिल्ह्यांतील माण व खटाव, सांगलींतील आटपाडी व जत आणि सोलापुरांतील सांगोला हा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथें वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यांत माणमध्यें चांगल्या वर्षीं तो सुमारें ५०० मिलिमीटर असतो. ढग घाटावर रिते होतात व पुढें कोरडे जातात. येथें मृगापेक्षां सप्टेंबर-ऑक्टोबरांतील परतीच्या पावसावर शेतकऱ्याची भिस्त अधिक. तो हुकला म्हणजे विहिरी माघ-फाल्गुनांतच तळ दाखवितात. २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षीं येथें चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. घरचीं कर्तीं माणसें गुरांबरोबर छावणींत व घरीं म्हातारें माणूस आणि शाळेंत जाणारें मूल, अशी कित्येक कुटुंबांची स्थिति झाली. म्हणून पुढें जें सांगितलें आहे तें एका म्हाताऱ्या माणसास कळशी वाहून व दहा मिनिटें वांकून करतां येईल एवढेंच आहे.

पहिला धडा : काय राखावें, काय सोडावें

सर्व बाग राखूं जाणारा बहुधा सर्व बाग गमावतो. पाणी थोडें असतां तें वीस झाडांत वांटलें तर वीसहि झाडें अर्धपोटीं राहून अखेर मरतात. म्हणून फाल्गुनापूर्वींच परसांत एकदां फिरून प्रत्येक झाडाविषयीं निर्णय करावा.

जीं झाडें वर्षानुवर्षें फळ देतात तीं प्रथम राखावीं : लिंबोणी, शेवगा, कढीलिंब, पेरू, डाळिंब. यांचें ध्येय त्या वर्षापुरतें फक्त जगणें हें ठेवावें. त्यांचा बहार धरूं नये. आलेलीं फुलें व लहान फळें काढून टाकावींत, कारण फळ पोसण्यास झाडाला फार पाणी लागतें. सीताफळ व बोर हीं झाडें जात्याच काटक आहेत. तीं उन्हाळ्यांत पानें गाळून स्वस्थ बसतात, त्यांना वाळलेलीं समजून तोडूं नये.

दुसऱ्या क्रमानें चार-पांच वेल व एक लहानसा पालेभाजीचा वाफा राखावा. कोबी, फुलकोबी व टोमॅटो यांचा त्या वर्षीं नाद सोडावा. गवार व चवळी यांना पाणी कमी लागतें. माठ व तांदुळजा ऊन सोसतात, आणि पेरल्यापासून सुमारें महिन्याभरांत खुडावयास येतात. घोळ तर न पेरतां उगवते. तिच्या मांसल पानांत पाणी सांठलेलें असतें, व तण म्हणून तिला उपटून फेकणें दुष्काळांत तरी शोभत नाहीं.

ज्या झाडांस सोडावयाचें त्यांस खरोखरच सोडावें. त्यांचा पाला व काड्या इतर झाडांच्या बुडाशीं पसराव्या. म्हणजे मेलेलें झाड जिवंत झाडाच्या उपयोगीं पडतें.

दुसरा धडा : पाण्याच्या तीन जाती

पिण्याच्या पाण्याचा एक थेंबहि बागेस घालूं नये, हा नियम आम्ही सर्वांत आधीं सांगतों. बागेस जावयाचें तें एकदां वापरलेलें पाणी. टंचाईच्या काळांत ग्रामीण भागास टँकरनें पुरवावयाच्या पाण्याचें माप दर माणशीं दिवसाला २० लिटर धरतात. पांच माणसांच्या घरास तें १०० लिटर होतें. त्यांतील पिण्यास, स्वयंपाकास व गळतीस गेलेलें सोडून सुमारें ३० लिटर पाणी दुसऱ्यांदा हातीं यावें असा आमचा अंदाज आहे. मात्र त्यासाठीं न्हाणीचें तोंड मोकळें न सोडतां खालीं घमेलें किंवा घंगाळ ठेवावें लागतें, व भांडीं एकाच जागीं घासावीं लागतात.

या पाण्याच्या तीन जाती मानाव्या. पहिली, धान्य, डाळ व भाजी धुतल्याचें पाणी : हें पालेभाजीच्या वाफ्यास द्यावें. दुसरी, भांडीं दुसऱ्यांदा विसळल्याचें व हातपाय धुतल्याचें पाणी : हें फडक्यानें गाळून वेलांच्या मडक्यांत व लिंबोणीस घालावें. तिसरी, साबणाचें पाणी : हें शेवगा, अळूं किंवा केळ यांच्या बुडाशीं, दर खेपेस जागा बदलून ओतावें. धुण्याचा सोडा असलेलें पहिलें पाणी शक्यतों वापरूंच नये. सोड्यानें काळी माती चिकट व घट्ट होते, पाणी आंत मुरत नाहीं, आणि लिंबाच्या जातीच्या झाडांस क्षार विशेष बाधतो. जमिनीवर पांढरी पुटी दिसूं लागली तर त्या जागीं साबणाचें पाणी थांबवावें.

वापरलेलें पाणी एक दिवसापेक्षां अधिक सांठवूं नये. त्याला घाण येते व डांस होतात. आजारी माणसाचे अथवा तान्ह्या मुलाचे कपडे धुतलेलें पाणी भाजीस कधींहि घालूं नये. वापरलेलें पाणी नेहमीं मुळाशीं द्यावें, पानांवर उडवूं नये, आणि कोथिंबिरीसारखी कच्ची खावयाची भाजी अशा पाण्यावर वाढवूं नये.

तिसरा धडा : पाणी मुळाशीं नेणें

एप्रिल-मे महिन्यांत माणदेशासारख्या कोरड्या हवेंत एक चौरस मीटर ओला, उघडा व झाडांनीं भरलेला वाफा दिवसाला सुमारें ७ लिटर पाणी हवेंत घालवितो. म्हणजे दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद अशा एकाच उघड्या वाफ्यांत घरांतील सर्व ३० लिटर पाणी संपतें. हें पाणी वांचविण्याचा मार्ग असा कीं, जमिनीचा वरचा थर कोरडा राहावा व ओल खालीं मुळांशीं असावी.

यासाठीं मातीचें मडकें हें उत्तम साधन आहे. जमिनींत मडकें पुरून पीक घेण्याची रीत फार जुनी असून, चीनमधील इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील फान शेंगचिह याच्या शेतीविषयक ग्रंथांत तिचें वर्णन आहे. पांच ते सहा लिटरांचें, रंग अथवा चकाकी न दिलेलें मडकें घ्यावें. तें पाण्यानें भरून ठेवल्यावर कांहीं तासांत बाहेरून ओलसर दिसलें पाहिजे. न दिसल्यास तें या कामाचें नव्हे. गळ्यापर्यंत खड्ड्यांत बसवावें, भोंवतीं शेणखत मिसळलेली माती दाबून भरावी, व तोंडावर परळ किंवा चपटा दगड ठेवावा, म्हणजे पाणी उडत नाहीं व डांस, उंदीर आंत जात नाहींत. मडक्याच्या कडेला वीतभर अंतरांत दुध्या, दोडका अथवा कारल्याचीं दोन-तीन बियां लावावीं. भोंवतालची माती कोरडी झाली कीं ती मडक्यांतील पाणी ओढून घेते. ओली असली कीं ओढत नाहीं. झाडास लागेल तेवढेंच पाणी त्यास मिळतें. दोन-तीन दिवसांनीं मडकें भरावें, पण तें अगदीं रितें होऊं देऊं नये. तेलकट किंवा साबणाचें पाणी घातल्यास त्याचीं छिद्रें बुजतात.

मोठ्या झाडास पाणी बुंध्याशीं ओतण्याची संवय सोडावी. पाणी शोषणारीं बारीक मुळें फांद्यांच्या विस्ताराच्या कडेखालीं अधिक असतात. म्हणून आळें तेथें गोलाकार काढावें व बुंधा कोरडा राखावा. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षां पांच दिवसांनीं एकदां पुष्कळ पाणी देणें हितकर आहे. वरवर शिंपडल्यानें मुळें वर येतात व उन्हानें भाजतात. पाणी सूर्य मावळल्यावर द्यावें. दुपारीं पानें मलूल दिसलीं म्हणून घाबरूं नये. सकाळींहि तीं मान टाकून असतील तर मात्र झाड तहानलेलें आहे असें समजावें. शंका असल्यास खुरप्यानें चार बोटें माती उकरून मुठींत दाबावी. गोळा होत असेल तर त्या दिवशीं पाणी नको.

चवथा धडा : ऊन, वारा व भेगा

वाफा उंच न करतां वीतभर खोलगट करावा. जमिनीवर तीन-चार बोटें जाडीचें आच्छादन पसरावें. परंतु येथें एक विवेक राखला पाहिजे : जें गुरें खातील तें आच्छादनास वापरूं नये. कडब्याची पेंडी ही गोठ्याची आहे. बागेस तुराट्या, पऱ्हाट्या, लिंबाचा वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, फाटकीं पोतीं, आणि कांहींच नसेल तर नदींतले चपटे गोटे पुरेत. वाळवीचें भय असल्यामुळें आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावें.

काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत हातभर खोल भेगा पडतात; त्या वाटेनें खालची ओल निघून जाते व मुळें तुटतात. भेग दिसतांच ती बारीक मातीनें भरावी व वरचा दोन बोटें थर खुरप्यानें भुसभुशीत करावा. शेतांत कोळपें जें काम करतें तेंच परसांत खुरपें करतें.

पालेभाजीच्या वाफ्यावर पश्चिमेकडून सांवली येईल असा चार काठ्यांचा मांडव करून त्यावर जुनें लुगडें किंवा पोतें बांधावें. पूर्वेचें कोंवळें ऊन येऊं द्यावें. वारा ज्या बाजूनें वाहतो तेथें तुराट्यांची ताटी उभी करावी. कोरडा वारा उन्हाइतकेंच पाणी पितो. लिंबोणी व डाळिंब यांच्या बुंध्यास चुना लावला असतां साल भाजत नाहीं. या काळांत युरियासारखें खत देऊं नये. त्यानें कोंवळी पालवी फुटते व झाडाची तहान वाढते. कच्चें शेणहि घालूं नये. घालावयाचें तर पूर्ण कुजलेलें खतच घालावें.

एका घराचा हिशेब

पांच माणसांच्या घरीं दिवसाला ३० लिटर वापरलेलें पाणी मिळतें असें धरून नमुन्यादाखल हिशेब देतों. सहा लिटरांचीं चार मडकीं दर तिसऱ्या दिवशीं भरल्यास रोजचे सरासरी ८ लिटर. आच्छादन व सांवली असलेला एक चौरस मीटरचा पालेभाजीचा वाफा, ५ लिटर. लिंबोणीस पांच दिवसांतून ४० लिटर, म्हणजे रोजचे ८. इतकें पाणी एकदम हातीं येत नसल्यास आळ्याचे दोन भाग करून पाळीपाळीनें वीस-वीस लिटर द्यावें. शेवग्यास पांच दिवसांतून २० लिटर, म्हणजे रोजचे ४. कढीलिंबास पांच दिवसांतून १० लिटर, म्हणजे रोजचे २. एकूण २७ लिटर झालें. तीन लिटर तुटीस राहिलें. जें पाणी उघड्या वाफ्यांत चार चौरस मीटर जमिनीसहि पुरतें ना, त्यावर येथें चार मडक्यांभोंवतींचे वेल, पाल्याचा वाफा व तीन झाडें तग धरतात. झाडांस हें पाणी जीव धरण्यापुरतेंच आहे, पोसण्यापुरतें नव्हे, हें मात्र ध्यानांत असावें. पाणी याहून कमी मिळूं लागल्यास आधीं मडकीं कमी करावीं, मग वाफा. झाडें शेवटपर्यंत राखावीं.

एप्रिल-मेमध्यें वळवाची एखादी सर येते. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी होतें. पन्हळ व पिंप आधींच तयार असेल तर झाडांची आठवड्याची सोय त्या एका सरींत होते.

पांचवा धडा : बियाणें

दुष्काळांत भुकेपोटीं बियाणें खाल्लें जातें, व पाऊस आल्यावर पेरावयास कांहीं उरत नाहीं. म्हणून प्रत्येक भाजीचीं दोन-तीन उत्तम झाडें प्रारंभींच बियांसाठीं राखावीं. त्यांस दोरा बांधून ठेवावा, म्हणजे चुकून खुडलीं जात नाहींत. दुध्याचें व दोडक्याचें एकेक फळ वेलावरच वाळूं द्यावें. बीं सांवलींत वाळवून चाळलेल्या राखेंत मिसळावें, आणि कोरड्या मडक्यांत तोंड बांधून ठेवावें. संकरित बियाण्याचें बीं पुढील वर्षीं तसेंच पीक देत नाहीं. म्हणून जुनें, घरचें, देशी वाण असेल तें आधीं जपावें.

ज्यांस परस नाहीं त्यांचें काय ?

हा प्रश्न कोणी विचारील, व तो विचारणें रास्त आहे. भूमिहीन मजुरांच्या, पालांत राहणाऱ्यांच्या व छावणीवरील कुटुंबांच्या घरामागें वाफा कोठून असणार ? त्यांच्यासाठीं दोन जागा आम्हांस सुचतात. एक हातपंपाचा ओटा, जेथें भरतांना सांडलेलें पाणी दिवसभर वाहत असतें. तें चर काढून एका सामाईक वाफ्यांत न्यावें, व त्यांतील पाला ज्यांस परस नाहीं अशांच्या मुलांस प्रथम द्यावा. दुसरी जागा शाळेचें आवार. तेथें मुलें हात धुतात व तेंच पाणी शेवग्याचीं चार झाडें जगवूं शकतें. शेवगा फांदी लावूनहि वाढतो, व तोडलेला पाला पुन्हा लवकर फुटतो. या सामाईक झाडांवर कोणाची एकट्याची मालकी नसावी, व पाला खुडण्याचा वार ठरलेला असावा, म्हणजे तंटा होत नाहीं.

आमची विनंति

धान्य व वैरण यांसाठीं आमची झोळी पूर्वींप्रमाणेंच पसरलेली आहे. तिच्या जागीं आम्ही ही नवी मागणी ठेवीत नाहीं. परंतु ज्या दात्यांस थोडेंच देणें शक्य आहे, त्यांनीं पुढील वस्तु द्याव्या : माठ, तांदुळजा, चवळी, गवार, दुध्या व दोडका यांचें देशी बियाणें, जुनीं पोतीं व लुगडीं, आणि मडक्यांसाठीं पैसे. मडकीं शहरांतून पाठवूं नयेत. तीं त्या त्या गांवच्या कुंभाराकडूनच घेतलीं जावीं, कारण दुष्काळांत त्याचें चाकहि थांबलेलें असतें. ज्यांचीं मुळें या प्रदेशांत आहेत परंतु जे आज मुंबई-पुण्यास नोकरीस आहेत, त्यांनीं गांवीं पत्र किंवा निरोप पाठवितांना घरच्या लिंबोणीची व शेवग्याची चौकशी करावी, व न्हाणीखालीं घंगाळ ठेवलें आहे कीं नाहीं तें विचारावें.

कार्यकर्त्यांस आमचें सांगणें असें कीं, शिधा वांटावयास जातांना घरामागें एकदां डोकावून यावें. कोणतें झाड जगण्याजोगें आहे, घरीं पाणी वाहणारें माणूस कोण आहे, बियाणें शिल्लक आहे काय, या तीन गोष्टी शिध्याच्या वहींतच टिपाव्या. पाऊस पडल्यावर पहिल्या पंधरवड्यांत बियाणें कोणास द्यावयाचें हें त्या टिपणावरून ठरवितां येईल, आणि ज्या घरीं झाड वाळलें असेल तेथें त्याच पावसांत नवें रोप लावतां येईल.